पूर्व दिशा आणि खालची दिशा : वार्धक्याकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीची समीक्षा

सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाची परंपरागत कथा आपणां सर्वांस परिचित आहे. राजपुत्र रथातून नगरात निघतो, वाटेत त्याला एक जराजर्जर मनुष्य दिसतो, मग रोगी, मग प्रेत; या दर्शनांनी विचलित होऊन तो घर सोडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात या कथेसमोर एक साधा प्रश्न ठेवला. एकोणतिसाव्या वर्षी घर सोडणाऱ्या माणसाच्या दृष्टीस तोवर एकही म्हातारा पडला नव्हता, हे संभवते काय? जरा, व्याधी आणि मरण या नित्य घडणाऱ्या गोष्टी आहेत. त्या एका दिवशी अकस्मात दिसल्या हे बुद्धीस पटणारे नाही. म्हणून बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेल्या संघर्षात शोधले.

हा प्रश्न बहुधा परिव्रज्येच्या चर्चेपुरता उद्धृत केला जातो. आम्हांस तो येथे निराळ्या कामासाठी वापरावयाचा आहे. म्हातारा मनुष्य ही जर रोजची गोष्ट असेल, तर तो कोणाला दिसत नाही आणि कोणत्या व्यवस्थेमुळे दिसत नाही? त्या परंपरागत कथेतच याचे उत्तर दडलेले आहे. राजपुत्राच्या मार्गावरून वृद्ध आणि रोगी यांना दूर करावे, अशी व्यवस्था राजाने केली होती, असे अश्वघोषाचे 'बुद्धचरित' सांगते. म्हणजे वार्धक्य जगात सर्वत्र होते. ते फक्त राजमार्गावर नव्हते. आजच्या मराठी समाजाचा आणि मराठी साहित्याचाही असा एक राजमार्ग आहे काय, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

रंगभूमीवरचा म्हातारा

मराठी मनात वृद्धांचे दुःख म्हटले की प्रथम 'नटसम्राट' उभे राहते. वि. वा. शिरवाडकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला आणि डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेला गणपतराव बेलवलकर मराठी प्रेक्षकांच्या पिढ्यांनी हृदयाशी धरला. २०१६ मध्ये त्यावर चित्रपटही आला. निवृत्त झालेला थोर नट आपली मिळकत मुलांना देऊन टाकतो, मग मुलाच्या आणि मुलीच्या घरी अपमानित होऊन पत्नीसह बाहेर पडतो, आणि अखेर रस्त्यावर येतो. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तील नाना-नानी यांच्यापाशी घर आहे, परंतु मुले जवळ नाहीत. दोन्ही नाटकांचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. त्यांनी मध्यमवर्गीय कुटुंबाला आरसा दाखविला, हे त्यांचे श्रेय आहे.

परंतु समीक्षकाने एवढ्यावर थांबता कामा नये. या दोन्ही नाटकांतील दुःखाची पूर्वअट काय, हे पाहिले पाहिजे. बेलवलकरांपाशी देऊन टाकण्यासारखे काही होते, म्हणून ते दिल्यावर ते निराधार झाले. त्यांना निवृत्त होता आले, म्हणजे काम थांबविण्याचा एक दिवस त्यांच्या आयुष्यात उगवला. नाना-नानींच्या घरात शिक्षणाने मुलांना दूर नेण्याइतकी ऐपत होती. मिळकत, निवृत्ती आणि शिकून दूर गेलेली मुले, या तीन गोष्टी असल्यावाचून या प्रकारचे दुःख संभवत नाही. हे दुःख खरेच आहे. मात्र ते एका वर्गाचे दुःख आहे, आणि आपण ते 'वृद्धांचे दुःख' या सर्वसामान्य नावाने ओळखत आलो आहोत.

'नटसम्राट'मध्येच एक पात्र असे आहे की ज्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. बेलवलकरांना अखेरच्या काळात माया लावणारा राजा हा बूटपॉलिश करणारा पोर आहे. पोटच्या मुलांनी जे दिले नाही ते त्याने दिले, म्हणून प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. पण या राजाचे आजी-आजोबा कोठे असतील? तो स्वतः म्हातारा होईल तेव्हा त्याच्या हातातील ब्रश कोण काढून घेईल? नाटकात हा प्रश्न उद्भवत नाही. पदपथ ही बेलवलकरांच्या ऱ्हासाची शेवटची पायरी आहे. राजाच्या आयुष्याची ती पहिली पायरी आहे. एकाच दगडावर दोघे बसलेले असताना एकाचे बसणे शोकांतिका ठरते आणि दुसऱ्याचे बसणे नेपथ्य ठरते, येथे आपल्या करुणेची सीमारेषा आहे.

ही सीमारेषा दलित आत्मकथनांनी ओलांडली. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'तील (१९८४) संतामाय ही आजी आठवावी. ती वय झाले म्हणून थांबत नाही. शेणातील न पचलेली ज्वारी वेचून, धुऊन, दळून ती त्याची भाकर स्वतः खाते आणि चांगली भाकर नातवाला देते. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आईचे हात बांबूच्या कामट्यांवर सतत चालत असतात. त्या हातांवर घर चालते. या वृद्धा मुलांनी टाकलेल्या नाहीत. उलट मुलांना आणि नातवंडांना त्याच सांभाळीत आहेत. येथे वृद्धत्व म्हणजे मान कमी होणे नव्हे. कमी झालेल्या बळानिशी तेवढेच काम करीत राहणे, हे येथील वृद्धत्व आहे.

कर्जत-खालापूरचा राजमार्ग

हा भेद पुस्तकातच राहतो असे नाही. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत तो एका दिवसाच्या प्रवासात डोळ्यांनी पाहता येतो. मुंबईची उपनगरी गाडी कर्जतला आणि तेथून खोपोलीला जाते; २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून जातो. या दोन वाटांनी शहराची सुबत्ता येथे विसाव्याला येते. नदीकाठी फार्महाऊस उभी आहेत. नेरळजवळ डिग्निटी फाउंडेशनच्या पुढाकाराने ज्येष्ठ नागरिकांसाठी नियोजित वसाहत उभी राहिली. शहरात एकाकी पडलेल्या वृद्धाला मोकळी हवा आणि समवयस्कांची सोबत मिळावी, यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. मात्र अशी सोबत ज्याला विकत घेता येते त्यालाच ती मिळते, एवढे नोंदविले पाहिजे.

याच परिसरात कातकरी आणि ठाकूर यांच्या वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रात आदिम जमाती म्हणून नोंदल्या गेलेल्या तीन जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. पाऊस सरला, सण झाले की अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी परततात. भट्टीवरची मजुरी हजार विटांच्या हिशेबाने आणि नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. म्हातारी माणसे बरोबर गेली तर नातवंडे राखतात, पाणी आणतात, वाळत घातलेल्या विटा उलटतात. हे काम हिशेबाच्या वहीत कोठेच येत नाही. मागे राहिली तर ओस पडलेल्या वाडीत, चार-सहा घरांच्या सोबतीने दिवस काढतात. पावसाळ्यात हीच वृद्ध स्त्री शेवळे, टाकळा, भारंगी यांच्या जुड्या पाटीत घालून बाजाराच्या वाटेला किंवा रस्त्याच्या कडेला बसलेली दिसते. मोटारीतून येणारा गिऱ्हाईक रानभाजी घेताना भावाची घासाघीस करतो आणि 'आजी' असेही म्हणतो. हे नाते त्याला त्या क्षणापुरते परवडते.

वाडीपर्यंतची वाट हाही वार्धक्याचाच प्रश्न आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदत करणाऱ्यांना चिखलातील पायवाटेने डोंगर चढावा लागला. २७ मृतदेह हाती लागले आणि बेपत्ता राहिलेल्या ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. त्या एका रात्री साऱ्या महाराष्ट्राला ती पायवाट दिसली. अशा पायवाटेच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या वृद्धाला दवाखाना, बँक आणि कचेरी दररोजच तितकी दूर असते.

सिगालोवादाच्या दोन दिशा

येथवर आम्ही वस्तुस्थिती पाहिली. आता प्रश्न असा की या वृद्धांची जबाबदारी कोणाची? आपल्या सार्वजनिक चर्चेत या प्रश्नाचे एकच उत्तर दिले जाते : मुलांची. संसदेने केलेला २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदाही मुख्यतः याच उत्तरावर उभा आहे. मुलांनी निर्वाहखर्च द्यावा. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास परत घेता यावी. बेलवलकरांना हा कायदा उपयोगी पडला असता. संतामायला तो काय देणार? तिच्यापाशी परत घेण्याजोगे काही नाही, आणि ज्याच्यावर दावा लावावा त्याच्यापाशीही नाही.

पाली साहित्यात मुलांच्या कर्तव्याचा विचार अत्यंत स्पष्ट आहे. संयुत्त निकायातील महासाल सुत्तात एक श्रीमंत ब्राह्मण फाटक्या वस्त्रांत तथागतांकडे येतो. चार मुलांनी त्याला घराबाहेर काढलेले असते. न ऐकणाऱ्या मुलांपेक्षा हातातील काठी बरी, असा अर्थ असलेल्या गाथा तथागत त्याला शिकवितात. तो त्या भर सभेत म्हणतो आणि लाजलेली मुले त्याला घरी नेतात. थेरीगाथेतील दहा मुलांची आई सोणा हिने आपली संपत्ती मुलांत वाटून टाकल्यावर तिची उपेक्षा झाली, असे अट्ठकथा सांगते. बेलवलकरांची कथा इतकी जुनी आहे. भेद एवढाच की सोणेला घराबाहेर पडल्यावर पदपथ मिळाला नाही, भिक्खुणीसंघ मिळाला. कुटुंब तुटले तरी माणूस तुटू नये, अशी एक संस्था तेथे अस्तित्वात होती.

सुत्तनिपातातील वसल सुत्तात तर जो वृद्ध माता-पित्यांचे भरणपोषण करीत नाही तो वसल, म्हणजे हीन, असे सांगितले आहे. ही व्याख्या आपल्या लेखकांकडून वारंवार दिली जाते. परंतु तिच्यात एक अट आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होते. समर्थ असूनही जो पोसत नाही तो वसल. उचलीच्या कर्जापायी आईला वाडीत ठेवून भट्टीवर जाणारा कातकरी तरुण या व्याख्येत बसत नाही, कारण त्याला सामर्थ्यच उरू दिलेले नाही. मग समर्थ कोण? येथे आपल्याला दीघ निकायातील सिगालोवाद सुत्ताकडे वळावे लागते.

या सुत्तात सहा दिशांचा नवा अर्थ सांगितला आहे. पूर्व दिशा म्हणजे आई-वडील, आणि त्यांच्या संदर्भात पुत्राची पाच कर्तव्ये. आपल्याकडील प्रवचने बहुधा येथेच थांबतात. परंतु त्याच सुत्तात खालची दिशा म्हणजे दास आणि कामकरी. त्यांना बळाप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात त्यांची शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी, अशी मालकाची पाच कर्तव्ये त्यात येतात. 'बळाप्रमाणे काम' या कर्तव्याचा अर्थ नीट लक्षात घेतला तर वार्धक्य त्यात आपोआप येते. कारण वय वाढते तसे बळ घटते, आणि घटलेल्या बळाचा भार ज्याने ते बळ वापरले त्याच्याकडे जातो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. वृद्ध मनुष्य कोणाचा तरी पिता किंवा माता असतो, म्हणून तो पूर्व दिशेला आहे. परंतु कष्टकरी वृद्ध हा कोणाचा तरी कामकरीही राहिलेला असतो, म्हणून तो खालच्या दिशेलाही आहे. आपला समाज त्याला फक्त पूर्व दिशेला उभा करतो आणि त्याच्या गरीब मुलांना दोष देऊन मोकळा होतो. ज्यांच्या घराच्या विटा त्याने पाडल्या, ज्यांची बाग त्याने शिंपली, ज्यांच्या कारखान्यात त्याने कंत्राटी मजूर म्हणून वर्षे घालविली, त्यांची दिशा कोणी विचारीत नाही.

पेन्शनचा इतिहास

हे म्हणणे कोणास केवळ तात्त्विक वाटेल, तर त्यांनी आपलाच इतिहास पाहावा. आपल्या चळवळीच्या प्रारंभीच्या पिढीत लष्करातून निवृत्त झालेली माणसे पुढे होती. महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातील निवृत्त शिपाईगडी. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस राहिले, जेथे लष्करी पेन्शनरांची वस्ती होती. गावकीची कामे करून बलुत्याची भाकर मागणाऱ्या वृद्धाला आणि दरमहा पेन्शन घेणाऱ्या वृद्धाला गावात एकच जात होती. परंतु दुसऱ्याला गावापुढे हात पसरावा लागत नव्हता. म्हणून तो लिहू शकला, अर्ज करू शकला, मुलाला शिकवू शकला. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा नोकरीबरोबरच मानाने म्हातारे होण्याचा एक मार्गही बंद झाला.

पेन्शन म्हणजे खालच्या दिशेचे कर्तव्य. ती दया नव्हे, कामाचा उरलेला मोबदला होय. आज हा मोबदला कोणाला मिळतो? खोपोली आणि पाताळगंगा परिसरातील कारखान्यांतून कायम कामगार म्हणून निवृत्त झालेल्यांना कर्मचारी पेन्शन योजनेचा आधार असतो; तिची किमान रक्कम २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आली. कंत्राटी मजुराचे नाव त्या यादीत क्वचितच सापडते. भट्टीवरच्या मजुराचे, फार्महाऊसच्या माळ्याचे, धुणीभांडी करणाऱ्या बाईचे कोठेच नाही.

त्यांच्यासाठी राज्य शासनाची योजना आहे. तिचे नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. नाव निवडतानाही शासनाला पूर्व दिशाच आठवली. आंधळ्या आई-वडिलांना कावडीत वाहणारा पुत्र हा तिचा आदर्श. त्या कथेतील पुत्र राजाच्याच बाणाने मारला जातो, याचा विसर नाव देणाऱ्यांना पडला असावा. ६५ वर्षे पूर्ण केलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालील किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असलेल्या वृद्धासाठी ही योजना आहे. तिची रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. ही वाढ आम्ही नाकारीत नाही. ज्या घरात रोख पैसा येत नाही तेथे या पन्नास रुपयांनी म्हातारीच्या शब्दाला वजन येते.

परंतु ते पन्नास रुपये मिळविण्याची वाट पाहा. जन्माची नोंद नसलेल्याने वय सिद्ध करावयाचे, वर्षाला हयातीचा दाखला द्यावयाचा, पैसे काढण्यासाठी बँकेच्या गावी जावयाचे. आणि अंगठा यंत्रावर ठेवल्यावर कित्येकांचा ठसा जुळत नाही, कारण विटा, माती आणि कोयता यांनी बोटांवरच्या रेषा झिजविलेल्या असतात. ज्या श्रमाचा मोबदला म्हणून हे वेतन मिळावयाचे, त्याच श्रमाने त्याची ओळख पुसून टाकलेली असते.

आपल्या वस्तीत

शासनाला आणि वरच्या वर्गाला प्रश्न विचारून थांबलो तर आम्ही समीक्षेचे अर्धेच काम केले असे होईल. शिक्षण आणि राखीव जागा यांमुळे आपल्यातही एक मध्यमवर्ग निर्माण झाला. कर्जत-खालापूरच्या बौद्धवाड्यांतील अनेक मुले पनवेल, कल्याण, मुंबई येथे स्थिरावली. गाव शाखा आणि मुंबई शाखा यांच्या सभा होतात, वर्गणी जमते, विहाराला फरशी बसते, मूर्ती येते. जयंतीला आणि वैशाख पौर्णिमेला सारे गावी येतात. विहारात पहिल्या रांगेत निवृत्त अधिकाऱ्यांसाठी खुर्च्या असतात. पांढरी साडी नेसलेल्या, वर्षभर तो विहार झाडणाऱ्या वृद्ध उपासिका मागे भिंतीला टेकून बसतात. अशा अनेक कार्यक्रमांत आम्ही स्वतः पुढच्या खुर्च्यांवर बसलो आहोत, हे कबूल केले पाहिजे. वृद्धांचा सत्कार म्हणून शाल दिली जाते तीही पुढच्या रांगेलाच. मग दोन वर्गांचे वार्धक्य वेगळे असते हे सांगण्यासाठी आम्हांस नाट्यगृहात जाण्याचे कारण नाही.

वज्जींचा ऱ्हास होणार नाही, असे तथागतांनी ज्या सात गोष्टींवरून सांगितले, त्यांत वज्जी आपल्या वृद्धांचा मान राखतात आणि त्यांचे ऐकतात, ही एक आहे. ती पुत्राची वैयक्तिक कर्तव्यनिष्ठा म्हणून सांगितलेली नाही, गणराज्याचे लक्षण म्हणून सांगितलेली आहे. म्हणून प्रत्येक विहाराने निदान एक वही ठेवावी, असे आम्ही सुचवितो. वस्तीतील आणि शेजारच्या वाडीतील प्रत्येक वृद्धाचे नाव, त्याने आयुष्यभर कोणते काम केले, त्याला वेतन मिळते की नाही, हयातीचा दाखला कोणी आणावयाचा, अंगठा जुळला नाही तर कोणी सोबत जावयाचे, हे त्या वहीत असावे. शेजारची वाडी कातकऱ्यांची असली तर ती गाळू नये. जातीच्या कुंपणाआड थांबणाऱ्या करुणेची फळे आपण भोगलेली आहेत.

स्वतः तथागतांनी आपले वार्धक्य लपविले नाही. संयुत्त निकायात एक प्रसंग आहे : सावत्थीच्या पूर्वारामात ते सायंकाळी पाठीवर ऊन घेत बसलेले असताना आनंद त्यांचे अंग चोळतो आणि कातडी सैल झाली, शरीर पुढे वाकले असे बोलून दाखवितो, तथागत ते सहज मान्य करतात. ऐंशीव्या वर्षी त्यांनी आपल्या देहाला जुन्या, बांधून-आवळून चालविलेल्या गाड्याची उपमा दिली. परंतु त्या प्रसंगात एक हात चोळणारा होता, हे विसरता कामा नये. जरा कोणाला चुकत नाही. जवळ कोणी असणे किंवा नसणे मात्र माणसांनी ठरविलेले असते.

कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत. तेथील प्राचीन कोरीव लेखात कण्हाचा अंतेवासी बलक याचे नाव आहे. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा शिष्य; विनयानुसार आजारपणात आचार्याची शुश्रूषा त्याने करावयाची आणि त्याची आचार्याने. त्या शिष्याने दगडावर आपले नाव घातले ते आपण कोणाच्या जवळ राहिलो हे सांगून घातले. त्याच डोंगराच्या छायेत राहणाऱ्या वृद्धांच्या जवळ आज कोण आहे, याचे उत्तर केवळ त्यांच्या मुलांकडे मागून चालणार नाही. ज्यांनी ज्यांनी त्यांचे बळ वापरले, त्या सर्वांकडे ते मागावे लागेल; आणि त्यात आपणही आहोत.